बहिणीत 'सात आत्मे' आहेत म्हणतात, गोळ्या बंद कराव्यात का? पवित्र शास्त्र काय सांगतं

तुमचं लिहिणं थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही पिंपरीत राहता. धाकटी बहीण २२ वर्षांची. दोन महिन्यांपासून तिची झोप उडाली आहे, मध्येच जाड आवाजात बोलते, एकदोनदा अंग ताठ होऊन पडली, आणि घरात प्रार्थना सुरू झाली की किंचाळते. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात. घरी येणारे एक ब्रदर आणि त्यांचा प्रार्थना-गट म्हणतो की तिच्यात सात आत्मे आहेत, गोळ्या बंद करा, तिला तीन दिवस उपास घडवा, मग सुटका करू. आई तयार आहे. तुम्ही विचारताय की ख्रिस्ती मुलीला भूत लागू शकतं का आणि शास्त्र त्यावर काय म्हणतं.

शास्त्राचं सांगतोच. पण तुमच्या डोक्यावर टांगलेला प्रश्न वेगळा आहे: येत्या आठवड्यात गोळ्या बंद होऊ द्यायच्या का? त्याचं उत्तर आधी घ्या. नाही. फेफऱ्याच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर झटक्यामागून झटके येत राहू शकतात, ते थांबत नाहीत आणि त्यात जीव जाऊ शकतो. मनाच्या आजाराच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायच्या नसतात. या एका गोष्टीवर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे, अगदी बायबल उघडून.

मी पाळक. पुण्यात मंडळीचं काम आणि त्यासोबत इस्पितळांतल्या रुग्णांच्या भेटी, यात आयुष्य गेलं. आता निवृत्त आहे. "पाळकसाहेब, जरा येऊन जा, पोरीला काहीतरी झालंय" असे निरोप अजूनही येतात. मी डॉक्टर नाही. तुमच्या बहिणीला नेमकं काय झालंय हे मला इथून सांगता येणार नाही, आणि तिला नीट न बघता जो कोणी आकड्यासकट निदान सांगतो त्याचं ऐकू नका.

आता शास्त्र. जुन्या करारात भूत काढल्याचा प्रसंग जवळजवळ नाहीच. शौल राजाला दुष्ट आत्मा छळत असे, तेव्हा सेवकांनी वाद्य वाजवणारा शोधला आणि दावीद वीणा वाजवू लागला की शौलाला बरं वाटे (१ शमुवेल १६). कॅथलिक बायबलमध्ये तोबीतचं पुस्तक आहे, त्यात माशाचं काळीज जाळून त्या धुराने भूत पळवल्याची कथा येते. आमच्या प्रोटेस्टंट बायबलमध्ये ते पुस्तक नाही. येशूच्या काळाच्या आसपास मात्र भूत काढणारे बरेच होते. योसेफस हा यहुदी इतिहासकार लिहितो की एलाजार नावाच्या माणसाने रोमी सम्राट वेस्पासियनसमोर अंगठी आणि मुळी वापरून, शलमोनाच्या नावाचे मंत्र म्हणत एकाचं भूत काढून दाखवलं. तेव्हाच्या लोकांना हा प्रकार ओळखीचा होता.

आणि म्हणूनच सुवार्तांत (मत्तय, मार्क, लूक, योहान ही येशूच्या जीवनाची चार पुस्तकं) येशू काय *करत नाही* हे बघण्यासारखं आहे. अंगठी नाही, मुळी नाही, धूर नाही, मारहाण नाही, रात्ररात्र चालणारे विधी नाहीत. कफर्णहूमच्या सभास्थानात एक भूतग्रस्त माणूस ओरडला, तू कोण आहेस हे मला ठाऊक आहे, म्हणून. येशूने त्याला आधी गप्प केलं आणि मग निघायला सांगितलं. संपलं. सुरफुनीकी बाईच्या मुलीला तर तो भेटायलाही गेला नाही. आई घरी पोचली तेव्हा मुलगी अंथरुणावर शांत पडलेली होती. योहानाच्या सुवार्तेत भूत काढण्याचा एकही प्रसंग नाही. उलट तिथे लोक येशूलाच म्हणतात, ह्याला भूत लागलंय, हा वेडा आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानालाही हेच म्हणाले होते. एखाद्याचं वागणं आपल्याला झेपलं नाही की त्याच्यावर भुताचा शिक्का मारायची खोड तेव्हाही होती.

तुमच्या घरातल्या परिस्थितीला सगळ्यात जवळचे दोन अध्याय म्हणजे मार्क ५ आणि मार्क ९. ते आईला सोबत घेऊन, सावकाश वाचा.

मार्क ९ मध्ये एक बाप मुलाला घेऊन येतो. मुलगा पडतो, तोंडाला फेस येतो, दात खातो, कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. शिष्यांना काही जमलेलं नाही, शास्त्र्यांशी त्यांची हुज्जत चालली आहे, गर्दी जमली आहे. येशू काय करतो? बापाला विचारतो, हे असं किती दिवसांपासून होतंय? बाप म्हणतो, लहानपणापासून. ससूनच्या ओपीडीत कुठलाही डॉक्टर पहिला हाच प्रश्न विचारतो. मग बापाचं ते प्रसिद्ध रडणं: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. अर्ध्यामुर्ध्या विश्वासाच्या त्या बापाला येशूने परत पाठवलं नाही. आणि लोक धावत येताहेत हे बघून, गर्दी आणखी वाढायच्या आत, त्याने मुलाला मोकळं केलं. आपल्याकडे नेमकं उलट चालतं: गर्दी होईपर्यंत थांबायचं, माइक चालू आहे ना बघायचं.

ब्रदर सांगतात तो उपासही याच अध्यायातला. ही जात प्रार्थनेवाचून निघत नाही, असं येशू शिष्यांना म्हणतो. 'आणि उपासावाचून' हे शब्द सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत, बऱ्याच बायबलांत ते तळटिपेत असतात. पण ते शब्द धरले तरी ते कुणाला उद्देशून आहेत? शिष्यांना. ज्यांना काढता आलं नाही त्यांना. आजारी पोराला उपाशी ठेवा असं त्यात कुठेही नाही. तेव्हा ब्रदरना नम्रपणे सांगा की उपास तुम्ही करा, ती जेवेल.

मार्क ५ मधला गरसेकरांच्या भागातला माणूस कबरींत राहायचा, रात्रंदिवस ओरडायचा, दगडांनी स्वतःला ठेचून घ्यायचा. लोकांनी त्याला बेड्या आणि साखळ्या घालून पाहिल्या होत्या, म्हणजे बांधून ठेवण्याचा उपाय करून झाला होता आणि तो फसला होता. सगळे त्या दोन हजार डुकरांबद्दल बोलतात. मला त्याच्या पुढचं वाक्य महत्त्वाचं वाटतं: लोक आले तेव्हा तो कपडे घातलेला, भानावर आलेला, बसलेला होता. त्याला येशूबरोबर जायचं होतं. येशूने नाही म्हटलं, घरी जा, आपल्या माणसांकडे जा, त्यांना सांग. साक्ष द्यायला सांगितलं, पण घरी. पुढच्या रविवारी स्टेजवर उभं करून नाही. माझी कसोटी मी इथूनच घेतली आहे. ज्या प्रार्थनेनंतर माणूस जास्त भानावर येतो, अंगावर नीट कपडे घेतो, जेवतो, आपल्या घरात परततो, ती प्रार्थना सुवार्तेच्या वळणाची. जिच्यानंतर तो जास्त घाबरतो, अंगावर वळ घेऊन बसतो, त्या प्रार्थनेत नाव कुणाचंही घेतलेलं असो, मी तिच्याजवळ उभा राहत नाही.

आणखी एक गोष्ट. "तिने काय पाप केलं म्हणून दार उघडलं?" हा प्रश्न तुमच्या घरात एव्हाना विचारून झाला असणार. मोबाइल, कॉलेजातला मित्र, शेजारच्या गणपतीचा प्रसाद, काही ना काही निघालं असेल. सुवार्तांत भूतग्रस्ताला येशूने एकदाही पापाची कबुली द्यायला लावलेली नाही. एकदाही नाही. मग्दालीया मरीयेतून सात भुतं निघाली असं लूक सांगतो आणि पुढच्याच ओळीत आपल्या पैशांनी सेवा करणाऱ्या स्त्रियांत तिचं नाव येतं. ती बदफैली होती हे शास्त्रात नाही, ते शेकडो वर्षांनंतरच्या प्रवचनांतून चिकटलं. तुमच्या बहिणीला कृपया या उलटतपासणीतून बाहेर काढा.

तशीच ती आत्म्याची मुलाखत. नाव काय, कुठून आलास, कोणी पाठवलं. येशूने नाव विचारल्याचा प्रसंग एकच, आणि तिथेही लांबण लावली नाही. आमच्याकडे मात्र यातून काय होतं ते मी पाहिलं आहे. नाना पेठेतल्या एका वाड्यात अशाच प्रार्थनेत मुलीला "कोणी पाठवलं?" असं दहादा विचारलं. थकलेल्या पोरीने शेवटी काकूचं नाव घेतलं. करणीचा संशय आधीपासून घरात होताच. काकू समोरच्याच खोलीत राहायची. मधल्या सामाईक नळावर दोन्ही घरांच्या बादल्या वेगळ्या वेळी लागू लागल्या. मुलीला नंतर औषधाने बरं वाटलं, बादल्या तशाच राहिल्या. सैतान लबाड आणि लबाडीचा बाप आहे असं येशू सांगतो (योहान ८), मग त्याचीच साक्ष ग्राह्य धरून घरं फोडायची, हे कुठलं शास्त्र?

आता ख्रिस्ती माणसाला भूत लागू शकतं का. इथे मंडळ्यांची मतं वेगळी आहेत आणि उत्तर तुम्ही कुठल्या परंपरेतले यावर थोडं अवलंबून आहे. आमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे असं पौल म्हणतो, आणि तुमच्यात जो आहे तो जगात जो आहे त्याच्यापेक्षा मोठा आहे असं योहानाच्या पहिल्या पत्रात आहे. यावरून बहुतेक शिक्षक म्हणतात की मोह पडेल, छळ होईल, पण ताबा नाही. गंमत म्हणजे पेंटेकॉस्टल परंपरेतल्या असेंब्लीज ऑफ गॉड या मोठ्या संघटनेनेही १९७२ साली लेखी भूमिका घेतली होती की नवा जन्म पावलेल्याला भूत ताब्यात घेऊ शकत नाही. तुमचे ब्रदर त्याच वळणाचे असतील तर त्यांना हे विचारायला हरकत नाही. पत्रांमध्ये, म्हणजे स्थापन झालेल्या मंडळ्यांना लिहिलेल्या मजकुरात, सभासदांची भुतं कशी काढावीत याची एकही सूचना नाही. कोणी दुखणाईत असेल तर मंडळीच्या वडीलजनांना (पुढाऱ्यांना) बोलवा, तेल लावून प्रार्थना करा, एवढं याकोब सांगतो. दुसऱ्या बाजूचे लोक लूक १३ मधल्या अठरा वर्षं वाकलेल्या बाईकडे बोट दाखवतात. तिला विकाराचा आत्मा होता आणि तरी येशू तिला अब्राहामाची कन्या म्हणतो. बरोबर आहे. पण तिथे येशू आत्म्याशी एक शब्दही बोलत नाही. तिच्याशी बोलतो, तिच्यावर हात ठेवतो आणि ती सरळ उभी राहते.

माझं स्वतःचं मत विचाराल तर दुष्टाई खरी आहे असं मी मानतो. मला उलगडलं नाही असंही थोडंफार पाहिलंय. पण 'मला उलगडलं नाही' म्हणजे 'भूत' नव्हे. मत्तय ४:२४ मध्ये येशूकडे आणलेल्यांची यादी आहे, त्यात भूतग्रस्त वेगळे, फेफरेकरी वेगळे आणि पक्षघाती वेगळे मोजलेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखकाला हा फरक करावासा वाटला, तर आपण सगळ्यांना एकाच खुंटीला का टांगायचं?

"पण प्रार्थना सुरू झाली की किंचाळते, त्याचं काय?" हा तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि आईचा खरा पुरावाही हाच. म्हणून मी घरी गेलो की काय करतो ते सांगतो. आधी गर्दी बाहेर काढतो. खोलीत मी, तिची आई किंवा बहीण, आणि दार उघडं. कीबोर्ड बंद, डफ बंद. डोक्यावर हात ठेवत नाही. मग गोळ्यांची पाकिटं मागतो. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण पाकिटं पुष्कळ काही सांगतात: पंधरा तारखेला आणलेल्या पट्टीतल्या चारच गोळ्या फोडलेल्या असतात आणि घरचे सांगतात, औषध चालू आहे पण गुण नाही. झोप किती, जेवण काय, पडली तेव्हा जीभ चावली का, कपड्यात लघवी झाली का, ताप येऊन गेला का, घरात कुणाला असं होतं का, लग्नाचा विषय चाललाय का, कुणी त्रास देतंय का, हे विचारतो. शेवटचा प्रश्न आईला बाहेर पाठवून मुलीला एकटीला, आमच्या मंडळीतल्या एखाद्या जाणत्या बाईकडून. आणि मग हळू आवाजात तेविसावं स्तोत्र आणि प्रभूची प्रार्थना. "आम्हांला वाइटापासून सोडव" ही सुटकेचीच प्रार्थना आहे, तिच्यावर आणखी कशाची भर घालावी लागत नाही.

असं केल्यावर बऱ्याच जणी किंचाळत नाहीत. काही ऐकता ऐकता झोपतात. रात्रीमागून रात्री न झोपलेल्या पोरीभोवती दहा माणसं, मोठा आवाज, कपाळावर दाबलेला हात आणि "नीघ, नीघ!" असा आरडाओरडा, यात तुम्हीआम्हीही किंचाळू. कानात आधीच आवाज येत असतील तर विचारायलाच नको. ही परीक्षा पक्की आहे असं मी म्हणत नाही. काही जणी शांत प्रार्थनेतही अस्वस्थ होतात, तेव्हा मी प्रार्थना मनात करतो आणि चहा मागवतो.

डॉक्टरांकडे मात्र एक गोष्ट आवर्जून विचारा. थोड्याच आठवड्यांत वागणं पार बदलणं, झोप जाणं आणि सोबत झटके, असं तरुण मुलीत दिसलं तर ते शरीराच्या प्रतिकारशक्तीने मेंदूवरच हल्ला केल्यामुळेही असू शकतं. याचा एक प्रकार २००७ साली नीट ओळखला गेला. तरुण स्त्रियांत तो जास्त दिसतो, कधी त्याच्या मुळाशी अंडाशयातली गाठ असते, आणि वेळेत उपचार झाले तर पुष्कळ रुग्ण बरे होतात. तिला हेच झालंय असं मी म्हणत नाही. पण मानसोपचारतज्ज्ञाबरोबर मेंदूविकारतज्ज्ञालाही दाखवा, आणि ईईजी, एमआरआय, पाठीतल्या पाण्याची तपासणी लागेल का ते विचारा.

तुम्ही कॅथलिक असाल तर गोष्ट आणखी सोपी आहे. चर्चच्या १९८३ च्या कायद्यातलं कलम ११७२ सांगतं की बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय कुणालाही भूत काढण्याचा विधी करता येत नाही, आणि परवानगी फक्त धर्मगुरूला मिळते. १९९९ मध्ये आलेल्या सुधारित विधीतही आधी आजार आहे का ते पाहायला सांगितलंय. घरी येणाऱ्या ब्रदरना असा काही अधिकार नाही. अर्थात परवानगी असली म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नाही. जर्मनीत अ‍ॅनेलीज मिशेल नावाच्या तरुणीला फेफऱ्याचं निदान झालेलं होतं. बिशपच्या परवानगीने तिच्यावर सुमारे दहा महिन्यांत ६७ वेळा विधी झाला, तिने खाणं सोडलं, आणि १९७६ मध्ये २३ व्या वर्षी ती गेली तेव्हा तिचं वजन सुमारे ३१ किलो होतं. १९७८ मध्ये कोर्टाने आईवडील आणि दोन धर्मगुरू यांना दोषी ठरवलं. ते आईवडील दुष्ट नव्हते. तुमच्या आईसारखेच घाबरलेले होते.

महाराष्ट्रात तर कायदाच आहे. डॉ. दाभोलकरांचा आपल्याच पुण्यात २०१३ साली खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, शिवाय दंड. प्रार्थना करणं गुन्हा नाही. हा कायदा फक्त मांत्रिकांसाठी आहे अशी आपल्या ख्रिस्ती लोकांची समजूत असते. हात उगारणाऱ्याचा धर्म त्यात बघितला जात नाही.

आता आई. तिच्याशी भांडू नका, आणि त्या गटालाही घालवून देऊ नका. विचार करा, ओपीडीत डॉक्टर पाच मिनिटं देतात. गट रोज संध्याकाळी तीन तास येऊन बसतो, आईचा हात धरतो, तिच्याबरोबर रडतो. आईला तो आधार हवाय. तो काढून घेतलात तर ती तुमच्या मागे, तुम्ही कामावर असताना, त्यांना बोलवेल. म्हणून त्यांना काम द्या. एका मावशीने ओपीडीच्या रांगेत आईबरोबर बसावं. एकीने रात्रीचा डबा आणावा. ब्रदरनी तिच्या गोळ्यांची वेळ झाली की फोन करून आठवण करावी, आणि गोळी घेताना एक वाक्य प्रार्थना करावी. पौलाने तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं आणि त्याचा सोबती लूक वैद्य होता, हे त्यांना माहीत असेलच. जे लोक हे काम आनंदाने घेतील ते तुमचे. "औषध आणि विश्वास एकत्र चालत नाही" असं जो म्हणेल, किंवा पैसे, सोनं, 'बीज' (आशीर्वादासाठी पेरायचं म्हणून दान) मागेल, त्याला दारातूनच नमस्कार करा. फिलिप्पै शहरात पौलाने भविष्य सांगणाऱ्या एका दासीतून आत्मा काढला तेव्हा चिडले ते तिच्यावर कमाई करणारे धनी, हे प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये वाचा.

तिने खाणंपिणं सोडलं, झटका पाच मिनिटांत थांबला नाही, ताप चढला, किंवा स्वतःला काही करून घ्यायचं बोलली, तर वाट न बघता थेट अपघात विभागात न्या. तुम्हाला वायसीएम रुग्णालय जवळ पडेल. रात्रीबेरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, आणि मराठीत बोलतात. तपासणीला जाताना जुनी फाइल, गोळ्यांची रिकामी पाकिटं, आणि झटका आला तेव्हाचा मोबाइलवरचा व्हिडिओ असेल तर तो घेऊन जा. व्हिडिओ डॉक्टरांनाच दाखवा, प्रार्थनेच्या ग्रुपवर टाकू नका. टाकलेला असेल तर आज काढायला सांगा.